थोरलीचा पहिला नंबर

धाकटी शाखाप्रमुख झाली तरी ऑफिसात तिचं नाव धाकटीच राहिलं. कॉलेज संपवून ती जन्मनोंदींच्या दुरुस्ती शाखेत पहिल्यांदा आली तेव्हा वयाने सगळ्यांत लहान होती, आणि सगळ्यांत जुन्या कारकून बाईंना लोक आधीपासूनच थोरली म्हणत होते. घरात थोरली असली की धाकटी यायला वेळ लागत नाही. पुढे धाकटीचं लग्न झालं, खात्याची परीक्षा झाली, मुलगी झाली, आणि बाळंतपणाची रजा संपवून ती परतली ती थेट प्रमुखाच्या खुर्चीत. तीही वर्षभराच्या बोलीवर. काम बघू, मग कायम करू, असं वरून आलं होतं. त्यामुळे त्या खुर्चीत ती टेकून कधी बसलीच नाही. काठावर बसायची. कोणी ऊठ म्हणालं तर उठायला बरं.

काठावर बसायची सवय तिला मुलगी झाल्यापासून लागलीच होती. कानोसा घेत राहायचं, नजर फिरती ठेवायची. ऑफिसातूनही तिचा एक कान घरीच असायचा.

"दूध घेतलं?" ती फोनवर विचारायची.

"घेतलं," सासूबाई म्हणायच्या.

"सगळं?"

"सगळं. वाटीसुद्धा चाटून झाली. तुझी पोर जिवंत आहे, हसते आहे आणि माझा चष्मा ओढते आहे. ठेव आता."

मग धाकटी फोन ठेवायची आणि काचेतून शाखेकडे बघायची. दिसायची फक्त राखाडी पार्टिशनं. प्रत्येक पार्टिशनमागे एक डोकं, तेही वरचं चार बोटं. पांढरं होत चाललेलं ते टकटककाकांचं. पूर्वी ते टंकलेखक होते. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, पण बोटं तशीच आपटायची, म्हणून टकटक. लाल क्लिप लावलेलं डोकं शेंडेफळाचं, म्हणजे गेल्या वर्षी नव्याने लागलेल्या मुलीचं. आणि खिडकीकडचं डोकं थोरलीचं. ते दुपारनंतर हळूहळू खाली जायचं आणि दिसेनासं व्हायचं.

धाकटीला समजायचं की थोरलीचा डोळा लागला.

थोरलीच्या यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळलं. रात्री त्यांना कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, चादर बदलायची, आणि सकाळी ठरल्या वेळी ऑफिसात हजर व्हायचं. रात्रीचं जागरण म्हणजे काय असतं ते धाकटीला कोणी सांगायला नको होतं. फरक एवढाच, की तिची मुलगी दिवसेंदिवस मोठी होणार होती.

जुन्या कचेरीत हे सगळं वेगळ्या रीतीने निभावलं असतं, असं धाकटीला सारखं वाटायचं. ती कचेरी बैठी होती, उंच खिडक्यांची. आत डिंकाचा आणि जुन्या कागदांचा वास. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून प्रत्येकाने आपापला दगड आणून ठेवलेला. टकटककाकांचा दगड इतका मोठा होता की त्यांच्या फाइली कोणी मागायलाच यायचं नाही. मधोमध एकच लांब टेबल. एका टोकाला तेव्हाचे शाखाप्रमुख, म्हणजे मोठे साहेब, आणि दोन्ही बाजूंनी बाकीचे. कोणाला शिंक आली तरी पाच जणांच्या चहावर पडायची. एकाने उसासा टाकला की दुसरा विचारायचा, "काय रे, घरी काय झालं?"

आणि त्या टेबलाची एक रीत होती. तिला चिमूट म्हणायचे.

ज्याच्या घरी आजारपण असेल, नवं मूल असेल, पोरांच्या परीक्षा असतील, त्याच्या ढिगातून येता-जाता एकाने एक फाईल उचलायची आणि मोठ्याने म्हणायचं, "चिमूट!" की आजची चिमूट गेली. बाकीच्यांनी मग हात लावायचा नाही. ज्याची फाईल तो कधी हात जोडायचा, कधी भांडायचा. "अरे ती नको, ती सोपी आहे, ती मला राहू दे, खालची अवघड घे!" धाकटी पहिल्या वर्षी तापाने फणफणली होती तेव्हा तिच्या ढिगातून रोज एक चिमूट जायची आणि ती लाजेने अर्धी व्हायची. थोरली म्हणाली होती, "लाजतेस काय? मिठासारखं असतं हे. लागतं सगळ्यांनाच. फक्त चिमटीनेच टाकायचं, मुठीने नाही."

हे किस्से धाकटी जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायची. शेंडेफळ डबा खाता खाता डोळे मोठे करून ऐकायची. "किती छान होतं ना, मॅडम! आमच्या वाट्याला बघा, पार्टिशनं."

"तुमच्या वाट्याला एसी पण आहे," टकटककाका म्हणायचे. "तेव्हा घामाने शाई फुटायची. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कचेरीतलं न्हाणीघर बघायला हवं होतं."

नव्या इमारतीत कामाचं मूल्यमापनही नवं आलं होतं. लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर यायचे आणि प्रत्येकाच्या नावाच्या ट्रेमध्ये जाऊन पडायचे. कोणी किती निकाली काढले ते यंत्र मोजायचं. ते आकडे शाखाप्रमुखाला दिसत नसत, थेट मुख्यालयात जात. प्रमुखाने आपलं मत आकडे न बघता लिहावं, म्हणजे पक्षपात होणार नाही, असा विचार होता. वर्षअखेरीला दोन्ही जुळवायचं, आणि खात्यात जो तळाला येईल त्याची बदली लांबच्या केंद्रावर. ते केंद्र इतकं लांब की तिथून आलेलं टपालसुद्धा थकलेलं दिसायचं.

थोरली तळाला जाणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती गेली तर यजमानांना कुशीवर कोण वळवणार? मुलगी सासरी, तिची स्वतःची दोन लहान. मग धाकटीने तेच केलं जे तिला जुन्या टेबलाने शिकवलं होतं. थोरली खाली चहाला गेली की आपल्याच कॉम्प्युटरवरून थोरलीच्या नावाने आत शिरायचं, दोन-चार अर्ज निकाली काढायचे आणि बाहेर यायचं. पासवर्ड शोधायची गरजच नव्हती. थोरलीने तो कागदावर लिहून स्क्रीनला डकवला होता. कोणी विचारलं तर वाचूनही दाखवायची.

गंमत अशी होती की कितीही अर्ज काढले तरी थोरलीचा ट्रे तेवढाच भरलेला दिसायचा. धाकटीला वाटायचं, बिचारीकडून काहीच होत नाही वाटतं. म्हणून ती आणखी दोन काढायची.

वर्ष संपत आलं आणि एका सकाळी उपसंचालकांचा फोन आला.

"मॅडम, अभिनंदन! तुमच्या शाखेनं कमाल केली."

"कशात, सर?" धाकटी खुर्चीच्या काठावरून आणखी पुढे सरकली.

"आकडे आले ना! तुमच्या त्या ज्येष्ठ बाई सबंध खात्यात पहिल्या. दुसऱ्या नंबरच्या जवळजवळ तिप्पट काम. मी दोनदा तपासून घेतलं. या वयात! आम्ही ठरवलंय, वर्षभर त्यांना मुख्यालयात न्यायचं. सगळ्या शाखांना शिकवतील. आणि यापुढे प्रत्येकाचं उद्दिष्ट त्यांच्या आकड्यावरून धरायचं. सोमवारी मी स्वतः येतो, त्यांचं काम बघायला. तोवर तुमचं मत लिहून ठेवा."

धाकटीने फोन ठेवला. मुख्यालय दुसऱ्या शहरात. म्हणजे तळाला गेली तरी बदली आणि डोक्यावर गेली तरी बदली. आगीतून फुफाट्यात ढकललं होतं तिने थोरलीला, आणि तेही प्रेमाने. पण तिप्पट? दिवसाला दोन-चार अर्जांनी तिप्पट कसं होईल?

तिने टकटककाकांना आणि शेंडेफळाला आत बोलावलं आणि दार लावलं.

"खरं सांगा. थोरल्या बाईंच्या ट्रेला कोणी हात लावला?"

शेंडेफळाचा चेहरा क्लिपच्या रंगाचा झाला. "मॅडम, तुम्हीच सांगायचात ना, चिमूट... मी फक्त सकाळी, त्या यायच्या आधी. आणि थोडं संध्याकाळी, त्या गेल्यावर."

"थोडं म्हणजे?"

"मला पटापट येतं ना, मॅडम."

टकटककाकांनी घसा खाकरला. "मी आपला जेवणानंतर. मला काय माहीत हिचं चाललंय? मला वाटलं मी एकटाच पुण्यवान. ट्रे कमी होईना, म्हणून जरा हात चालवला."

"मलाही तसंच वाटलं," धाकटी म्हणाली.

"तुम्ही पण?"

मग शेंडेफळानेच ते कोडं सोडवलं. ट्रे रिकामा होऊ लागला की यंत्र सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून आणखी अर्ज त्यात टाकतं, तसं बसवलंच आहे. काम करील त्याला आणखी काम. हे तिघं उपसत होते आणि यंत्र ओतत होतं.

"पूर्वी आपण मोठ्याने म्हणायचो," टकटककाका हळूच म्हणाले. "मुक्याने चिमूट घेतली तर हे असं होतं. एका आमटीत तिघांचं मीठ."

त्या दिवशी धाकटी घरी फोन करायचं विसरली. दुपारी सासूबाईंचाच आला. "आज विचारपूस नाही? तू बरी आहेस ना?" ती बरी आहे म्हणाली. आवाजावरून सासूबाईंना पटलं नसावं, कारण त्यांनी मुलीला फोनजवळ धरलं आणि नुसतं तिचं बडबडणं ऐकवलं, बराच वेळ.

थोरलीला सांगायला हवं होतं. कसं, तेच सुचत नव्हतं. धाकटीला मोठे साहेब आठवले. त्यांचा वर्षाचा अहवाल लिहायचा प्रकार काही औरच होता. कागद खरं तर गोपनीय, पण ते ज्याचा अहवाल त्यालाच समोर बसवून लिहायचे. "गोपनीय म्हणजे बाहेर सांगायचं नाही. चोरून लिहायचं असं कोण म्हणालं?" पहिला प्रश्न ठरलेला: यंदा तुझं काम कोणी कोणी केलं आणि तू कोणाचं केलंस? दोन्ही नावं आल्याशिवाय पेनाचं टोपण निघायचं नाही. धाकटीच्या पहिल्या अहवालात त्यांनी मोठ्याने वाचत लिहिलं होतं, घाई करते, घाबरते, चुकली तर लपवत नाही. बाहेर येऊन ती रडली होती. थोरली म्हणाली होती, "वेडे, तिसरं वाक्य ऐकलंस का? ते मिळायला मला सात वर्षं लागली."

संध्याकाळी शाखा रिकामी झाल्यावर धाकटी आपली खुर्ची उचलून थोरलीच्या पार्टिशनमागे गेली. थोरली पिशवी आवरत होती. चेहऱ्यावर थकवा होता, पण त्याखाली काहीतरी उजळलेलंही होतं.

"ये गं. मला सकाळीच कळलं. मुख्यालयातल्या कोणीतरी फोन केला अभिनंदनाला." थोरली पिशवी मांडीवर घेऊन बसली. "मी म्हटलं, अहो यंत्राचीच करामत. मला आधी भीती वाटायची त्याची, पण काय गुणाचं निघालं! चहाला जाऊन यावं तर चार अर्ज गेलेले. डोळा लागून उघडावा तर आणखी सहा. त्या प्रशिक्षणवाल्या पोराने सांगितलंच होतं ना, आता सगळं आपोआप होणार म्हणून."

धाकटीला हसू आलं, ते तिने आवरलं.

"दुपारी ह्यांना फोन करून सांगितलं," थोरली म्हणाली. "म्हटलं, तुमची बायको पहिली आली. शेजारीण म्हणाली, पडल्या पडल्या हसले. आवाज करून हसले गं. झटक्यानंतर पहिल्यांदा. बदलीचं मात्र नाही बोलले मी. तेवढं तू बघ. नको म्हणून सांग त्यांना, बक्षीस काय ते इथेच द्या म्हणावं."

आता न सांगता गेलं असतं तरी चाललं असतं, निदान एक रात्र. पण ती रात्र थोरलीच्या यजमानांच्या हसण्यावर काढायची, हे धाकटीला जमलं नाही.

"बाई, ते यंत्र नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही होतो."

आणि तिने सगळं सांगितलं. आपलं, टकटककाकांचं, शेंडेफळाचं. थोरली ऐकत होती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. सांगून संपलं तरी तिने वर बघितलं नाही.

"म्हणजे मी झोपायचे," शेवटी ती म्हणाली, "आणि तुम्ही तिघं माझ्या नावाने कामं करायचात. मला न विचारता."

"तुम्हाला लांब पाठवतील म्हणून..."

"टेबलावर तुझी चिमूट घ्यायचे तेव्हा तुझ्या तोंडावर घ्यायचे की नाही? तू भांडायचीस, ही नको, ती घ्या. तेवढं तरी तुझं राहायचं." थोरलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मला कोणी भांडूसुद्धा दिलं नाही. मी काय पाळण्यातलं मूल आहे, झोपलं की आवरून घ्यायला?"

धाकटी खरंच तसंच करत आली होती. जे जे जपायचं, ते ते झोपलेलं असताना.

"सोमवारी काय लिहिणार आहेस?"

"तेच विचारायला आले. तुमच्यासमोर लिहायचंय."

"मग खरं लिही. बदली झाली तर होऊ दे. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल वाईट लिहिलं लोकांनी, पण खोटं कोणी नाही लिहिलं." थोरलीने डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "आणि सकाळचं काम माझं असतं, तेही लिही. सकाळी मी जागी असते. एकही अर्ज चुकलेला दाखव."

"सकाळचं कुठलं तुमचं आणि कुठलं शेंडेफळाचं, हे आता देवालाच ठाऊक."

"बघ!" थोरली म्हणाली. "चांगलं केलंत ते हे असं. माझं होतं तेही पुसलंत."

दोघी बसून लिहीत राहिल्या. धाकटी वाक्य मोठ्याने म्हणायची, थोरली एखादा शब्द खोडायला लावायची. 'सहानुभूतीने विचार व्हावा' हे तिने खोडायला लावलं. 'दुपारी डोळा लागतो' हे ठेवायला लावलं.

सोमवारी उपसंचालक आले ते फोटोग्राफर घेऊनच. धाकटीने आधी त्याला खाली चहाला पाठवलं आणि मग साहेबांच्या हातात मत ठेवलं. ते वाचत गेले तसे खुर्चीत मागे मागे जात राहिले.

"हे तुम्ही स्वतः कबूल करताय?"

"हो, सर. सुरुवात माझी."

"तुमची नेमणूक अजून कायम झालेली नाही, लक्षात आहे ना?"

धाकटीने मान हलवली. लक्षात नसायला काय झालं, वर्षभर ती त्या खुर्चीच्या काठावरच होती.

उपसंचालकांनी कपाळ चोळलं. "काम न करता दुसऱ्याचं आपल्या नावावर दाखवणारे मी पुष्कळ पाहिले. त्याला कलम आहे. तुम्ही आपलं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवलंत. याला कोणतं कलम लावू? आणि मी वर कळवून बसलोय. वरच्यांनी त्यांच्या वर कळवलंय. आता पहिला नंबर काय परत मागवू?" मग त्यांनी थोरलीला बोलावलं आणि नजर चुकवत विचारलं, "बाई, तुम्हाला स्वतःला काय म्हणायचंय?"

"मला माझा ट्रे द्या," थोरली म्हणाली. "जेवढा माझ्याने होईल तेवढा. सकाळची लवकरची पाळी कोणालाच नको असते, ती मला द्या. दुपारी मी घरी जाईन. पगार कापायचा तेवढा कापा. त्यात जमलं तर ठेवा, नाही जमलं तर मी स्वतःच अर्ज देते, निवृत्तीचा. तुम्हाला बदलीची तसदी नको."

उपसंचालकांनी विचार करायला जेवणापर्यंतचा वेळ घेतला. फोटोग्राफर चहा पिऊन पिऊन कंटाळला आणि निघून गेला. शेवटी निकाल लागला तो असा: तिघांना लेखी ताकीद, धाकटीची कायम नेमणूक आणखी वर्षभर पुढे, आणि थोरलीचा आकडा बाद, त्याऐवजी तीन महिन्यांची सुधारणा योजना. सकाळची पाळी मिळाली. महिन्याला ठरलेले किमान अर्ज तिने स्वतःच्या हाताने निकाली काढायचे. तिसऱ्या महिन्याला जमले तर इथेच, नाहीतर निवृत्ती. देखरेख शाखाप्रमुखाची.

"म्हणजे मला सुधारणार कोण? ही?" थोरलीने धाकटीकडे बोट केलं. "हिला फाईल बांधायला मी शिकवलं. पहिली गाठ इतकी घट्ट मारली होती हिने की कात्रीने कापावी लागली."

"तेच तर," टकटककाका पार्टिशनवरून म्हणाले. "आता तुमच्या गाठी ती सोडवेल."

"तुम्ही आपला दगड आणून ठेवा डोक्यावर," थोरली म्हणाली. पण त्या संध्याकाळनंतर ती पहिल्यांदा हसली होती.

स्क्रीनवरची चिठ्ठी तिने स्वतः काढली आणि नवा पासवर्ड ठेवला. कोणालाही सांगितला नाही.

पहिला महिना वाईट गेला. दुसरा जरा बरा. सकाळच्या पाळीला शाखेत दुसरं कोणी नसायचं, तेव्हा धाकटी आपली खुर्ची थोरलीच्या शेजारी नेऊन बसायची आणि थोरली एकेका अर्जाशी झगडायची. कुठली कळ दाबायची ते तिला माहीत असायचं, पण बोट त्या कळीवर पोचेपर्यंत धाकटीचा जीव टांगणीला लागायचा. ती हात मांडीखाली दाबून बसायची. एकदा न राहवून तिने माउसकडे हात नेला तेव्हा थोरलीने त्यावर फटका मारला. चांगला आवाज येईल असा.

"यजमानांना सांगितलंत का हो?" एकदा धाकटीने विचारलं. "पहिल्या नंबराचं खरं काय ते?"

"सांगितलं. आता शब्द जुळवून बोलतात जरा. म्हणाले, मला वाटलंच होतं. तू आणि पहिली!" थोरलीने नाक मुरडलं. "आणि वर परत हसलेसुद्धा."

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी थोरली नेहमीच्या वेळेला घरी गेली नाही. ठरलेल्या आकड्यातले थोडे अर्ज राहिले होते. दुपार झाली, जेवणं झाली, तिच्या डोळ्यांवर झापड यायला लागली. ती उठून तोंड धुऊन आली, परत बसली. शाखेत कोणाचं काम होईना. शेंडेफळ नखं खात होती. तिला ते सगळे अर्ज चहा गार व्हायच्या आत उरकता आले असते, आणि तेच तिला सोसत नव्हतं. टकटककाकांची बोटं पहिल्यांदाच गप्प होती.

"तुम्ही तिघं असे श्वास धरून बसलात तर मला ऐकू येतं," थोरली स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली.

शेवटचा अर्ज एका मुलाच्या जन्मतारखेचा होता. कागद पुसट. थोरलीने चष्मा काढला, पुसला, लावला. पुरावा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. धाकटीला त्यातला दोष केव्हाच दिसला होता. दवाखान्याचा दाखला आणि शाळेचा दाखला जुळत नव्हते. सांगायचं नव्हतं. तिने ओठ आत घेतले. खिडकीबाहेरचं ऊन पार्टिशनच्या कडेवरून सरकत खाली आलं, थोरलीच्या हातावर आलं.

"हं," थोरली शेवटी म्हणाली. "हा असा पास नाही व्हायचा. आईला बोलवावं लागेल." तिने सावकाश, एकेक अक्षर शोधत अर्ज परत पाठवल्याचा शेरा लिहिला, असा निकालही मोजला जायचा, आणि कळ दाबली.

स्क्रीन एकदा पांढरी झाली.

"गेला?"

"गेला," धाकटी म्हणाली.

थोरली लगेच वळली नाही. तिने मान उंचावली आणि पार्टिशनांच्या वरून सगळ्या शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोणी हात लावला का रे?"

"नाही!" तिघंही एकदमच ओरडली.

"मग ठीक," थोरली म्हणाली, आणि घरी जायला पिशवी उचलली.